टेकडीसाठी धरलेले उपास

आमच्या गावाबाहेर स्की जंपिंगची एक टेकडी आहे. आता बंद आहे. ती का बंद पडली याचं कारण गावात ज्याला विचाराल त्याच्याकडे तयार असतं. पोस्टातली बाई म्हणते, पूर्वीसारखा बर्फच पडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस म्हणतो, विमा कंपन्यांनी मारलं. शाळेतले खेळाचे शिक्षक म्हणतात, मुलांच्या हातातला फोन सुटत नाही, टेकडी कोण चढणार? तिन्ही कारणं खरी आहेत. हा खेळ सगळ्या अमेरिकेतच विझत चाललाय. पण आमच्या टेकडीचं शेवटचं कारण मी आहे, आणि ते मला नि आणखी एका म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक आहे. आज सांगून टाकते. असल्या गोष्टी फार दिवस झाकून ठेवल्या की त्यांना बुरशी येते.

मी मूळची सोलापूरची. फूड टेक्नॉलॉजी शिकले, लग्न झालं आणि नवऱ्यामागून विस्कॉन्सिनला आले. नवरा कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर, मी चीजच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. ठोकळ्याला नुसतं बोट लावून आत काय बिघडलंय ते ही बाई सांगते, असा कारखान्यात माझा लौकिक आहे. घरातलं मात्र मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इथे आसपास दहा-बारा मराठी घरं आहेत. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचं पीठ हवं असेल तर चार तास गाडी हाकत शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला जायचं आणि डिकी भरून आणायची. आमची मुलगी एकुलती एक, इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत दार आपटते, अशी आमची भाषांची वाटणी.

ती नऊ वर्षांची असताना शाळेची सहल टेकडीवर गेली आणि पोरगी परत आली ती वेडी होऊनच. तिथे छोट्या मुलांसाठी छोटा उतार असतो, जेमतेम दोन माणसं उंच. त्यावरून तिने उडी मारली होती. "आई, आय वॉज इन द एअर!" असं ती दोन दिवस म्हणत होती. नवरा म्हणाला, जाऊ दे, चार दिवसांचं वेड आहे. ते सहा वर्षं टिकलं.

टेकडी चालवायचे एक आजोबा. सत्तरी उलटलेले. त्यांचे आजोबा नॉर्वेहून आलेले, आणि टेकडीवरचा पहिला लाकडी मनोरा त्यांनीच उभारला म्हणे. मुलांना शिकवायचं यांनी, जिन्याच्या मोडक्या पायऱ्या ठोकायच्या यांनी, वाऱ्याकडे बघून उडीची खूण म्हणून झेंडा खाली करायचा तोही यांनीच. गुरव, पुजारी आणि ट्रस्टी एकाच माणसात. तिथे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत, आठ वर्षांची पोरंसुद्धा. माझी जीभ काही वळली नाही. मी त्यांच्याशी बोलताना सर म्हणायची आणि घरात आजोबा.

उडी मारायच्या आधी उतारावरचा बर्फ दाबून घट्ट करावा लागतो. ते काम पालकांचं. पायात स्कीच्या लांब पट्ट्या घालून आडवं उभं राहायचं आणि एकेक पाऊल वर सरकत सगळा उतार तुडवायचा. सोलापूरच्या उन्हात वाढलेली मी, उणे पंधरात तो उतार तुडवायची आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या कंपनीला शिव्या घालायची. नंतर शेगडी पेटवलेल्या लाकडी खोलीत सगळे चिली नावाची राजम्याची आमटी ओरपत बसत, आणि तिथे गप्पांचा विषय कायम एकच: मुलं का येत नाहीत?

आजोबांकडे कारणांची कमी नव्हती. पूर्वी शाळाशाळांच्या टीम होत्या, त्या गेल्या. कॉलेजांनीही हा खेळ काढून टाकला. कॉलेजात खेळ नाही म्हणून स्कॉलरशिप नाही, आणि स्कॉलरशिप नाही म्हणून आईबाप मुलाला चढू देत नाहीत. हिवाळा आखडला. टीव्हीवर चार वर्षांतून एकदा दाखवतात, तेही एखादा पडला तर जास्त. आमच्या मराठी मंडळीतल्या एक काकू मला म्हणाल्याच होत्या, "अगं, कॉलेज ॲप्लिकेशनमध्ये व्हायोलिन लिहिता येतं, टेनिस लिहिता येतं. हे उड्या मारणं काय लिहिणार?" मी म्हटलं, "काकू, उड्या मारणं असंच लिहीन." तेव्हा मला या असल्या उत्तरांचा फार अभिमान होता.

मुलं कमी कमी होत गेली. आधी पंधरा होती, मग नऊ, मग पाच. स्पर्धेत टीम धरायची तर पाच लागायची. त्यामुळे प्रत्येक मुलाला आजोबा फुलासारखं जपायचे. कुणी लांब उडी मारली की खालून ओरडायचे, "हलकी चिमणी लांब जाते!" हे त्यांचं पेटंट वाक्य. सगळे हसायचे. मीही हसायची. हवेत तरंगायचं तर हलकं असावं लागतं, यात न कळण्यासारखं काय आहे? या खेळात काटक पोरं चालतात, जाडजूड चालत नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि मुलं का येत नाहीत याच्या कारणांत ते कधी कुणी घेतलं नाही.

चौदाव्या वर्षी माझी मुलगी भराभर वाढली. आमच्या घराण्याचा बांधा, हाडापेराने मजबूत. आणि तिच्या उड्या आखूड व्हायला लागल्या. शेजारच्या गावाची एक लुकडी मुलगी, जी आधी हिच्या जवळपासही नव्हती, ती हिच्यापुढे उतरायला लागली. एकदा परत येताना गाडीत ही गप्प बसली होती. मी म्हटलं, "अगं, अंगाने भरलीस, किती छान दिसायला लागलीस!" माझ्या मते ते कौतुक होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, कॅन आय डू संकष्टी विथ यू?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. कोण आनंद झाला म्हणून सांगू! इथल्या पोरांना गणपतीची आरती म्हणा म्हटलं तरी डोळे फिरवतात, आणि ही आपणहून उपास मागतेय. मी त्याच दिवशी सोलापूरला बहिणीला फोन केला. मग जावेला केला. मंडळाच्या कार्यक्रमात तर मी नुसती मिरवत होते. त्याच काकूंनी, त्या व्हायोलिनवाल्यांनी, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "अमेरिकेत जन्मून उपास करते गं बाई! काय संस्कार केलेत!" मुलगी शेजारी उभी राहून हसत होती, आणि माझा हात तिच्या पाठीवर होता. पाठीचे मणके हाताला लागत होते का? आठवत नाही. लागत असतील.

संकष्टीनंतर दोन्ही एकादश्या आल्या. मग गुरुवार. मग सोमवार. आमच्या घरी उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. खिचडी, भगर, रताळ्याचे काप, वर बटाट्याचा चिवडा. ती यातलं काही घ्यायची नाही. "आय वॉन्ट टु डू इट द रिअल वे," म्हणायची. फक्त पाणी. मी हरखले. इतकं कडक माझ्या आजीनंही केलं नव्हतं. संकष्टीला चंद्र कधी उगवतो ते ती फोनवर बघायची, पण विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात आभाळच दिसत नाही. चंद्र दिसला नाही म्हणून जेवत नाही, म्हणायची. मी म्हणायची, अगं, वेळ झाली की सोडायचा असतो. ती म्हणायची, झोप आलीय, उद्या.

नवरा एकदा म्हणाला, "आपण इतके धार्मिक कधीपासून झालो?" मी त्याच्यावर उखडले. "तुम्ही पुण्याचे लोक. चांगल्या गोष्टीतही खुसपट काढल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही." त्याला गप्प करण्यात माझा हातखंडा आहे.

न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके सापडायला लागले. मी म्हटलं, इथलं पाणी जड. ती घरात हीटर चालू असताना दोन दोन स्वेटर घालून बसायची. मी म्हटलं, विस्कॉन्सिन आहे, बाई. हाताला हात लागला तर बर्फ. मी म्हटलं, माझेही असेच असायचे. माझे असे कधीच नव्हते. आज ही वाक्यं आठवली की स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात. आणि टेकडीवर? टेकडीवर तिच्या उड्या पुन्हा लांब जायला लागल्या होत्या. आजोबा खालून ओरडत होते.

खेळाच्या फॉर्मवर सही घ्यायला आम्ही वर्षातून एकदा डॉक्टरबाईंकडे जातो. त्या वर्षी त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा उभं केलं. मग खाण्यापिण्याचं विचारायला लागल्या. मुलगी शांतपणे म्हणाली, "वी फास्ट. इट्स रिलिजस." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि नुसती डोलावली नाही, हसले. इथल्या माणसासमोर धर्म हा शब्द उच्चारला की तो दोन पावलं मागे सरतो. बाईंनी उलट माझी माफी मागितली, काहीतरी टाइप केलं आणि फॉर्मवर सही केली. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत स्पर्धा होती. रविवार, दुपारची वेळ. त्या वर्षी बर्फाने पाठ फिरवली होती. आइस स्केटिंगच्या मैदानावर खरवडलेला बर्फ ट्रकने आणून आम्ही पालकांनी उतारावर पसरला होता आणि सकाळभर तुडवला होता. आजूबाजूला सगळीकडे पिवळं गवत आणि मध्ये तेवढाच एक पांढरा पट्टा. आमच्या टीमला मुलं बरोब्बर पाच, त्यातली एक माझी.

उड्यांच्या आधी स्की मोजतात. लांब स्की म्हणजे हवेत मोठा पंख. म्हणून नियम असा, की उंचीच्या मानाने वजन कमी भरलं तर स्की आखूड घ्यायची. आजोबांनी माझ्या मुलीचं वजन आणि उंची घेतली, पाटीवर लिहिली, आणि मला हाक मारून खोलीमागे घेऊन गेले.

"तिची स्की तिला आता चालत नाही," ते म्हणाले. "ती उंच झालीय. स्की लांब व्हायला हवी होती. आखूड करावी लागतेय."

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "मग आखूड द्या."

"ती जेवते का?"

असा प्रश्न सोलापूरच्या बाईला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "मी हे आधी पाहिलंय. याच टेकडीवर. एक मुलगी होती..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. माझा पारा चढला. आमच्या घरात जेवायला मिळत नाही असं हा माणूस म्हणतोय, एवढंच मला ऐकू आलं. "ती उपास करते," मी म्हटलं. "हे आमच्या धर्मात आहे. हजारो वर्षांपासून. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. उणे दहात, टक्कल उघडं ठेवून ते माझ्यासमोर उभे राहिले. "सॉरी," म्हणाले. "मला माहीत नव्हतं." मग त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं. जिन्यावर चार मुलं खांद्यावर स्की घेऊन थांबली होती. त्यांनी ती चार मोजली, हे मी पाहिलं. आणि ते आत जाऊन आखूड स्की घेऊन आले.

ती चढली. मी खाली, मुलं जिथे थांबतात तिथे, कुंपणाला धरून उभी होते. आजोबांनी वारा पाहिला, बराच वेळ पाहिला, मग झेंडा खाली केला. ती उतारावरून सुटली, टोकावर आली आणि हवेत गेली. तिच्या इतक्या उड्या मी पाहिल्या होत्या, पण ही वेगळी होती. ती खाली येईचना. लोक गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात इथे, त्या वाजायला लागल्या. ती उतरली, अगदी नीट, एक पाय पुढे, एक मागे, जशी उतरायला हवी तशी. तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब उडी. मी ओरडले. आणि मग मला दिसलं, की ती थांबतच नाहीये.

उतरल्यावर स्की आडव्या करून थांबायचं असतं. तिने काहीच केलं नाही. तिचे गुडघे हळूच दुमडले आणि ती सरळ माझ्या बाजूने घसरत आली, कुंपणापाशी रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांवर आपटली, आणि पडून राहिली. घंटा एकेक करत बंद झाल्या. मी पोचले तेव्हा तिचे ओठ निळे होते. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते. थोड्या वेळाने बघायला लागले. तिने विचारलं, "हाऊ फार?"

हॉस्पिटलात कळलं, मनगट मोडलंय. पण तिथल्या तरुण डॉक्टरला मनगटाची काळजी नव्हती. तो पडद्यावरचे तिच्या हृदयाचे ठोके बघत होता. ते फार हळू पडत होते. दोन ठोक्यांमध्ये मी श्वास धरून बसत होते. त्याने तिला विचारलं, शेवटचं कधी जेवलीस?

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "इट्स अवर रिलिजन."

डॉक्टरने माझ्याकडे वळून विचारलं, "असं आहे का?" अगदी अदबीने. मी हो म्हटलं असतं तर तो मागे सरला असता. मला ते दिसत होतं. तिलाही दिसत होतं. तिचे डोळे मला विनवत होते. नऊ वर्षांची असताना टेकडीवर जाऊ दे म्हणून विनवत होते, तसेच.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या देवाने असं काही मागितलेलं नाही."

तिने तोंड भिंतीकडे केलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ना इंग्रजीत, ना मराठीत.

आजोबा आठवड्याने घरी आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले. ज्या मुलीबद्दल मी त्यांना बोलू दिलं नव्हतं, ती त्यांची पुतणी होती. टेकडीवरची सगळ्यात लांब उडी कितीतरी वर्षं तिच्या नावावर होती. ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि ती उडी मारताना पडून गेली नव्हती. "लोक मला विचारतात मुलं का येत नाहीत," ते म्हणाले. "मी बर्फ सांगतो. विमा सांगतो." मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "चहा घेणार?" ते नको म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी टेकडीचं फाटक उघडलं नाही. उरलेल्या चार मुलांपैकी दोन हॉकीला गेली.

माझी मुलगी बरेच महिने एका बाईंकडे जात होती. अशा मुलींशी बोलणं हेच त्या बाईंचं काम. एकदा त्यांनी मलाही आत बोलावलं आणि मुलीला म्हणाल्या, हे आईला तू सांग. ती मांडीवरच्या उशीचा कोपरा कुरतडत बसली होती. मग म्हणाली, टेकडीसाठीच सुरू केलं होतं. फक्त दोन महिने करणार होते. सीझन संपेपर्यंत. उपास म्हटलं की तू विचारणार नाहीस, म्हणून.

"मग थांबली का नाहीस?" मी विचारलं.

"यू वेअर सो हॅपी," ती म्हणाली. आणि मग मराठीत, जे ती कधीच बोलत नाही, "तू सगळ्यांना फोन केलेस, आई."

आता ती सतरा वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारतेय. तिन्ही वेळा मी तिच्यासमोर बसते. माझी संकष्टी मी सोडली. देवाला काय वाटायचं ते वाटो. ती पोळीचा तुकडा मोडते, भाजीला लावते, तोंडात घालते, आणि चावता चावता माझ्या चेहऱ्याकडे बघते. मी चेहरा काही न दाखवता ठेवायला शिकतेय, अजून जमत नाही. आणि रोज ते ताट रिकामं होतं तेव्हा मला कळत नाही, तिला भूक लागली होती, की ती पुन्हा मला खूश करतेय.